नळापुढची डब्यांची रांग

परवा माळा साफ करताना तेलाचा जुना पत्र्याचा डबा हाताला लागला, आणि गंजाच्या वासासरशी आमच्या चाळीपुढचा सार्वजनिक नळ आठवला. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी त्याला संध्याकाळी तासभर यायचं, पण रांग सकाळपासूनच लागायची. माणसांची नव्हे, डब्यांची. प्रत्येक घराचा एक फुटका डबा आपला नंबर धरून दिवसभर उन्हात बसायचा. आमच्या डब्यावर लाल रेघ होती, कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेल्या ऑइलपेंटची. एकदा निरोप आला, नगरपालिकेचे साहेब दुपारी नळ बघायला येणार. मी नवी सून, त्यात शिकलेली. मीच म्हटलं, "साहेबांना हे भंगार दाखवायचं?" शेजारच्या काकू कुरकुरल्या, "राहू दे ना गं. डबा उचलला का नंबर गेला." पण बाकीच्यांना माझं पटलं. आम्ही डबे घरात नेले, शेवाळ घासलं, नळाखालचा ओटा धुतला, कोणीतरी रांगोळीही काढली आणि दाराआड उभ्या राहिलो. साहेबांनी तो वाळलेला, चकचकीत ओटा पाहिला, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. पंधरवड्यात नळाला बूच बसलं. तेव्हा कळलं, वापरात नसलेले नळ बंद करायचा ठराव झाला होता, आणि आमच्या नळापुढे लिहिलं होतं, 'वापर आढळला नाही.' काकू हंडा उचलून पलीकडच्या आळीत जायला लागल्या. आता घरात नळ आहे, तरी कोणी पाहणीला येणार म्हटलं की मी खरकटी भांडी मोरीत तशीच ठेवते.