कमलकाकूनं न शिवलेला शर्ट

ज्या शर्टावरून गावानं कमलकाकूला नावं ठेवली, तो तिनं शिवलाच नव्हता.

मी शिवला होता.

सात वर्षं हे मी कुणालाच सांगितलं नाही. परवा काकू गेली. हार्ट अटॅक. वय एकावन्न.

ही पोस्ट सकाळपासून तीनदा लिहून डिलीट केली. घरात माणसं बसली आहेत आणि मी उगाच आत-बाहेर करतेय. एका जागी बसवत नाही. आता अंगणात उभ्यानंच टाइप करतेय.

कमलकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. अमडापूरला आमच्या घराच्या मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन असायचं. गावातल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज तिच्याकडे.

मी सहा-सात वर्षांची असेन. तिला म्हटलं, "काकू, दादाच्या पँटले खिसे हायेत. माह्या फ्रॉकले काऊन नाही?"

तिनं मशीन थांबवलं.

"मले आजवर कोणी मांगितलेच नाही," म्हणाली. आणि दोन खिसे लावून दिले.

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. तिच्याकडच्या उरलेल्या तुकड्यांतून एक बाही अशी, दुसरी तशी. बाबांच्या जुन्या लुंगीचा स्कर्ट. ट्यूशनला पोरी हसायच्या. घरी येऊन रडायचे. दुसऱ्या दिवशी परत तेच घालून जायचे. का, ते मलाही सांगता यायचं नाही. दुसरं काही घातलं की अंगात कुणीतरी भलतंच शिरल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापणीला, जाताना बायका साडीवर पुरुषांचा फुल बाह्यांचा शर्ट चढवतात. उन्हासाठी. घरी परतताना गाव जवळ आलं की काढून टोपल्यात टाकतात. काकू त्या शर्टात फार छान दिसायची. ताठ चालायची.

"वावरात चालते, मंग गावात काऊन नाही?" मी विचारायचे.

"लोक हासतात, माय."

"मंग हासू दे."

बुलढाण्याला कॉलेजला गेले तेव्हा मी साडीवर ब्लाउजऐवजी शर्ट घालायला लागले. एक चौकड्यांचा, एक निळा, एक फुलाफुलांचा. तिन्ही काकूनं शिवलेले. आई चिडायची. "तूच नादी लावलं पोरीले," म्हणायची. काकू हसून सुई ओवत बसायची.

मग मला पाहायला पाहुणे येणार असं ठरलं. लोणारकडचे. मुलगा शिक्षक. आईनं गुलाबी साडी आणली. मला त्यावर पांढरा कॉलरचा शर्ट हवा होता.

पहिल्यांदाच काकू नाही म्हणाली.

"बाकी दिवस घाल. त्या दिवशी मायचं ऐक. तिच्या जिवाले घोर लागला हाय."

दुसऱ्या दिवशी ती दोन दिवसांसाठी माहेरी, धाड गावाला गेली. मी मागच्या खोलीची कडी लावली, बाबांचा पांढरा शर्ट कापला आणि तिच्या मशीनवर बसले.

पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ब्लाउज शिवून झाला नाही का?" एवढंच विचारलं. पोहे अर्धे टाकून सगळे उठले. संध्याकाळी मध्यस्थाकडून नकार आला.

तेवढ्यात काकू दारात. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

आई म्हणाली, "शिवला न तू? केली न माह्या पोरीची बदनामी?"

काकूनं माझ्या अंगावरचा शर्ट पाहिला. डावीकडची शिवण वाकडी होती. मग माझ्याकडे पाहिलं.

"हाव, बाई," ती आईला म्हणाली. "चुकलं माह्यं."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही.

नंतर मागच्या खोलीत जाऊन विचारलं, "काकू, तू हाव काऊन म्हटलं?"

"तुह्या पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं हाय. मायले खरं समजलं तं जाऊ देईन का ते तुले? तू जाय. मी तं इथंच हाय."

मी गेले.

आई तिच्याशी बोलायची थांबली. एकच अंगण, दोन दारं, सात वर्षं. गावातल्या बायकांनी पोरींचे कपडे तिच्याकडे द्यायचे बंद केले. पोरी बिघडतात म्हणे.

इकडे पुण्यात ऑफिसमधल्या मुली विचारायच्या, "काय मस्त स्टाइल आहे तुझी, कुणाचं पाहून?" मी म्हणायचे, "असंच गं." तिथेही काकूचं नाव घेतलं नाही.

दर दिवाळीला ठरवायचे, यंदा आईला सांगायचं. दर दिवाळीला परतीची बस पकडायचे.

काल पुण्याहून आले ती रोजच्याच कपड्यांत. राखाडी साडी, काळा शर्ट. कुणी नावं ठेवली नाहीत.

आज सकाळी आई मागच्या खोलीत एकटीच बसलेली दिसली. मी सांगून टाकलं.

"आई, तो शर्ट म्या शिवला होता. काकूनं तं नाही म्हटलं होतं मले."

आई काकूच्या मशीनकडे पाहत म्हणाली,

"आता सांगून राह्यली? इथं चार पावलांवर राहत होती ते. गेली असती मी तिच्याकडं."

आईनं डोळे पुसले नाहीत, मला जवळही घेतलं नाही. उठून ओसरीवर गेली. तिथं बसलेल्या शेजारणींना म्हणाली, "ऐका वं. तो शर्ट कमलनं शिवला नव्हता. माह्या पोरीनं शिवला. म्या उगाच तोडलं तिले."

मग तिथेच भिंतीला टेकून बसली. अजून बसलेलीच आहे.

गावातलं कुणी हे वाचत असेल तर घरी वाचून दाखवा.

काकू, तू होतीस तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले.

मनापासून नमस्कार तुला. जा म्हणवत नाही. ये आता.