दोनदा सांगणारी माझी जाऊ

माझी धाकटी जाऊ कुठलीही गोष्ट दोनदा सांगते. "ताई, चहा झालाय. ताई, चहा झालाय." नव्या माणसाला वाटतं, ही बाई आपल्याला बहिरं समजते. तसं नाही. जन्मभर तिनं बसस्टँडवर माईकवरून गाड्या पुकारल्या. तिथला नियमच असा, की जे सांगायचं ते दोनदा. पहिल्यांदा सांगितलेलं कानावर पडतं, दुसऱ्यांदा सांगितलेलं डोक्यात शिरतं. माझे दीर तर पाहुण्यांना हसत सांगतात, "लग्नाला होकारसुद्धा हिनं दोनदा दिला. पहिल्याच्या नंतर मी निसटलो असतो हो, पण दुसरा कानावर आला आणि पाय जागीच थबकले." खोटं आहे ते. लग्न झालं तेव्हा ती तोंडातून शब्द काढत नव्हती. सासूबाई म्हणायच्या, ही मुकी तर नाही ना आपल्या गळ्यात मारली?

तिला स्टँडवर नोकरी लागली ती चौकशीच्या खिडकीवर. एक दिवस एक हरवलेलं पोर तिच्या खिडकीखाली रडत बसलं. माईकवाली बाई जेवायला गेलेली. हिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पोराच्या अंगावर काय आहे, केस कसे आहेत, कुठली चप्पल तुटलीय, सगळं साऱ्या स्टँडला ऐकवलं. पोराची आई फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाकडून धावत आली. कंट्रोलर साहेबांनी ते ऐकलं आणि पुढे हिला काचेच्या खोलीत बसवलं.

खोली कसली, उभं कपाटच ते. एक टेबल, एक माईक, कोमट पाण्याचा गडू. बटण दाबून धरलं की बोलायचं, सोडलं की गप्प. पंखा होता, पण बोलताना तो बंद करावा लागे, नाहीतर सगळ्या स्टँडवर घरघर ऐकू येई. गाडी सुटायची वेळ झाली की पंखा बंद, पुकारा संपला की चालू. उन्हाळ्यात ती घरी यायची ती पिळून वाळत घालावं अशी ओली होऊन.

तिचा आवाज सगळ्यांना माहीत, चेहरा कुणालाच नाही. एकदा भाजी घ्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "अर्धा किलो बटाटे द्या." शेजारी उभी असलेली म्हातारी घाईघाईनं पिशवी सावरून विचारते, "कुठली लागली गं? कुठली लागली?"

त्या नोकरीतला एकच शब्द तिला आवडत नसे. "थोड्याच वेळात." गाडी कुठं अडकलीय, येणार की नाही, हे तिला ठाऊक नसायचं. कंट्रोलर चिठ्ठी सरकवणार आणि ही वाचणार, "थोड्याच वेळात फलाटावर येत आहे." काचेतून लोक तिच्याकडे बघत राहायचे. ती म्हणायची, "ताई, एवढ्या माणसांना आपण आशा लावतो आणि आपल्यालाच काही माहीत नसतं."

ती निवृत्त झाल्यावर तिथं रेकॉर्ड केलेला आवाज आला. मग एक दिवस सरकारकडून कळलं की प्रवासी वाहतुकीच्या विभागीय सल्लागार समितीवर हिला घेतलंय. कुठल्या रस्त्याला गाडी हवी, कुठली बंद करावी, याचा सल्ला ही समिती द्यायची. त्यात एक जागा निवृत्त कर्मचाऱ्याची. स्टँडवरच्या लोकांनी हिचं नाव सुचवलं.

दिरांनी पेपरात आलेली सभासदांची माहिती मोठ्यानं वाचून दाखवली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश बाई, त्यांच्या नावापुढे इतक्या पदव्या की दिरांना मध्येच श्वास घ्यावा लागला. एक मुख्याध्यापक, बत्तीस शाळांची पाहणी केलेले. एक इंजिनिअर, पूल बांधणारे. अपंगांची संस्था चालवणाऱ्या एक बाई. गाद्यांच्या दुकानाचे मालक, ते व्यापाऱ्यांच्या वतीनं. आणि सगळ्यात शेवटी आमची, "निवृत्त उद्घोषक." एवढंच.

"माझं एवढंच?" ती म्हणाली.

"मग काय लिहितील?" दीर म्हणाले. "अमुक वर्षं पंखा बंद करून बसल्या?"

हसलो आम्ही. ते हसणं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी ती समितीच्या माहिती-शिबिराहून आली, चप्पल न काढताच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "ताई, पहिल्या बैठकीत दवाखान्याची गाडी बंद करायचा विषय आहे."

एकदाच म्हणाली. तेव्हाच मी गॅस बंद केला.

दवाखान्याची गाडी म्हणजे आमच्या यांची गाडी. यांच्या किडन्यांनी काम सोडून दिलंय. एक दिवसाआड मोठ्या दवाखान्यात यंत्रावर झोपावं लागतं, रक्त धुऊन घ्यावं लागतं. ती एकच गाडी अशी, की मोठा रस्ता सोडून आत वळते आणि दवाखान्याच्या फाटकाशी थांबते. यंत्रावरून उठल्यावर यांचे पाय म्हणजे ओल्या वाती. कंडक्टर ओळखीचा झालाय, पुढची सीट धरून ठेवतो, कारण मागे बसलं की यांना धक्के सोसत नाहीत. खासगी मिनीबस मोठ्या रस्त्यानंच सरळ निघून जातात. तिथून फाटकापर्यंत चालायचं म्हणजे यांच्यासाठी डोंगर. आणि दर खेपेला रिक्षा करायची आमची ऐपत नाही. गाडी बंद झाली तर काय, हे आम्ही घरात कधी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांनाच माहीत होतं.

"मग बरंच आहे की," आमचा थोरला म्हणाला. "काकू तिथं आहेत, काकू हात वर करतील."

"नाही रे राजा. तिथं नियम आहे. पहिल्यांदा प्रत्येकानं उभं राहून आपली पार्श्वभूमी सांगायची. शिकलो काय, केलं काय, आणि त्या दिवशीच्या विषयात घरातल्या-नात्यातल्या कुणाचं हित गुंतलंय का, तेही. असलं तर तो विषय निघाला की आपण उठून बाहेर जायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"काकू, कोण विचारतंय? दीर-भावजयीचं नातं कुठं कागदावर असतं?" थोरला पेटला. "गादीवाल्यांच्या साडूच्या मिनीबस आहेत त्या रस्त्यावर. ही गाडी बंद व्हावी म्हणून चहाच्या टपरीवर बसून रोज सांगतायत सगळ्यांना. ते सांगणार आहेत का आपलं नातं? तुम्हीच तेवढ्या हरिश्चंद्र!"

दीर म्हणाले, "अरे, तिला ओरडू नकोस."

"मी ओरडत नाही, बाबांच्या पायांकडे बघून बोलतोय."

 माझं मन सांगत होतं, तिनं गप्प बसावं. खोटं कशाला बोलू, ती रात्रभर कूस बदलत असणार हे माहीत असूनही मला तसंच वाटत होतं. पलंगावरून हे म्हणाले, "हे बघ, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. पण खरं बोलायचं म्हणून सगळ्या गावाला ऐकवायची तरी काय गरज आहे?"

त्यातून मग तोड निघाली. सांगायचं, पण एकदाच. हळूच. नोकरी आणि शिक्षण यांच्या मध्ये कुठंतरी, कुणाच्या लक्षात येईल न येईल असं. लक्षात आलं तर नशीब, नाही आलं तर आपण सांगितलं होतं, पाप नाही. आम्ही स्वयंपाकघरात सरावही केला. ती पिठाच्या डब्यासमोर उभी राहून सांगायची आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यांदा सुरू व्हायची.

"अगं, थांब!"

"थांबले, ताई. थांबले, ताई."

शेवटी ठरलं की मी बैठकीला जायचं. लोकांसाठी मागे खुर्च्या असतात, तिथं पहिल्या रांगेत बसायचं. ती दुसऱ्यांदा सुरू झाली की मी खोकायचं.

बैठकीच्या दिवशी सकाळी यांना जेवण गेलं नाही. पाय सुजलेले. निघताना म्हणाले, "परत येशील तेव्हा दारातूनच सांग. आत येईपर्यंत मला धरवणार नाही."

सभागृह लांबोडकं होतं. मोठं टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली आणि बटणाचा माईक. माईक बघितला आणि मला धस्स झालं. ही गोष्ट आम्ही धरलीच नव्हती. सरावाला पिठाचा डबा होता, बटण नव्हतं.

एकेक जण उठून आपलं सांगत गेला. इंजिनिअरांनी पुलांची लांबी सांगितली. मुख्याध्यापकांनी आपलं सांगताना आपल्या वडलांचंही सांगितलं. अपंगांच्या संस्थेच्या बाईंनी थोडक्यात आटपलं. गादीवाले उठले, "व्यापारी संघाचा माजी सचिव, समाजकार्याची आवड," म्हणाले आणि बसले. साडूचं नाव नाही. थोरल्याचं बोलणं खरं ठरलं म्हणून मला रागही आला आणि मनातल्या मनात बरंही वाटलं. ते लपवतात तर आपणही.

मग हिची पाळी. ती उठली, आणि पहिली गोष्ट काय केली? शिपायाला म्हणाली, "तो पंखा जरा बंद करता का?"

लोक हसले. शिपायानं पंखा बंद केला. तिनं बटण दाबलं, डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला, स्टँडवर ठेवायची तसा. मला तिच्या कपाळावरचा घाम इथून दिसत होता.

"सातवीपर्यंत शिकले. बसस्टँडवर उद्घोषक होते. माझे थोरले दीर दवाखान्याच्या गाडीनं उपचाराला जातात, म्हणून त्या विषयात माझ्या घरचं हित आहे."

हळूच म्हणाली. शब्दाला शब्द चिकटवून. आणि देवाची कृपा म्हणा की काय, त्याच वेळी चहाचे कप आले. बशांचा खडखडाट झाला, अध्यक्ष बाई शेजारच्या कागदात काही बघत होत्या, गादीवाले साखर मागत होते. कुणाच्या कानावर ते गेलं नाही. अध्यक्ष बाई वर बघून म्हणाल्या, "छान. आता पुढचा..."

झालं, मी म्हटलं. सुटलो.

पण तिचं बोट बटणावरच होतं.

मी खोकायला गेले, तर घशात खोकलाच नाही.  नुसतं तोंड उघडं राहिलं.

"माझे थोरले दीर," तिनं पुन्हा सुरू केलं, आणि हा आवाज वेगळा होता. हा तो स्टँडवरचा आवाज. संथ, सरळ, शेवटच्या फलाटावर डुलक्या घेणाऱ्यालाही उठवणारा. "दवाखान्याच्या गाडीनं उपचाराला जातात. म्हणून त्या विषयात माझ्या घरचं हित आहे."

बटण सोडलं. कप वाजायचे थांबले होते. तिनं डोळे उघडले आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. माझ्याकडे बघितलं तिनं. मी मान खाली घातली.

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे नोंदवून घ्या. तो विषय निघेल तेव्हा बाईंनी बाहेर थांबायचं." मग त्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत म्हणाल्या, "असं आणखी कुणाचं आहे का? मी हे एकदाच विचारतेय."

 गादीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मागच्या खुर्च्यांमधून कुणीतरी हसलं. त्या मिनीबस कुणाच्या, हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक. मुख्याध्यापक हळूच वळून त्यांच्याकडे बघायला लागले, मग इंजिनिअर बघायला लागले. शेवटी गादीवाले उठले. "म्हणजे, माझ्या साडूचा थोडासा व्यवसाय आहे. तसा काही संबंध नाही, पण नियम म्हणजे नियम." ते असे बोलले, जणू आधीपासूनच सांगणार होते.

विषय निघाला आणि दोघं बाहेर गेले. मीही त्यांच्या मागे गेले. मला आत बसून ऐकवलं नसतं.

बाहेर एकच बाक. एका टोकाला जाऊ, दुसऱ्या टोकाला गादीवाले, मध्ये मी. दार बंद. आतून नुसती गुणगुण येत होती, शब्द एकही नाही.

"बाई, तुम्ही गप्प बसला असतात," गादीवाले म्हणाले, "तर आपण दोघंही आत असतो. चहा तरी मिळाला असता."

"सवय हो," जाऊ म्हणाली. "मला एकदाच सांगायचं होतं."

"मग दोनदा का सांगितलंत?"

ती हातातली रुमालाची घडी उलगडायची, पुन्हा घालायची. "पहिल्यांदा मी माझ्या दिरांसाठी सांगितलं. दुसऱ्यांदा कुणी सांगितलं, मलाच ठाऊक नाही."

मग ती माझ्याकडे वळून कुजबुजली, "ताई, रागावलात?"

काय सांगू? मला घरी जायचं होतं, आणि दारातूनच यांना काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तो इतका गार होता की तो राग काय, काहीच टिकेना.

"अगं, खोकलाच आला नाही," मी म्हटलं.

गादीवाल्यांना वाटलं मी आजारी आहे. त्यांनी खिशातून खडीसाखर काढून दिली. मी खाल्लीही.

दार उघडलं, शिपायानं आत बोलावलं. अध्यक्ष बाईंनी वाचून दाखवलं. गाडी लगेच बंद करू नये, पुढच्या आढाव्यापर्यंत चालू ठेवावी, दवाखान्याच्या फाटकाशी कितीजण चढतात-उतरतात ते कंडक्टरनं टिपून ठेवावं, मग बघू. जाऊनं विचारलं, "म्हणजे चालू?" बाई म्हणाल्या, "सध्या चालू." गादीवाल्यांनी पुन्हा चष्मा काढला.

सध्या. मी घरी येईपर्यंत तो शब्द चघळत होते. दारातून सांगितलं, "चालू आहे हो," आणि 'सध्या' पोटातच ठेवला. यांनी डोळे मिटले. थोरला काकूकडे बघेना. नंतर स्वयंपाकघरात जाऊन त्यानं तिच्यासाठी पंखा लावला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी यंत्राची पाळी होती. आम्ही स्टँडवर बाकावर बसलो, हे मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. कर्ण्यातून रेकॉर्ड केलेली बाई एका सुरात काहीतरी म्हणत होती. गाडी उशिरा होती. यांचे पाय चपलेच्या पट्ट्यात मावत नव्हते. फाटकाशी उतरणारे आम्ही, आणि त्या दिवशी आणखी दोघंतिघं दिसत होती. मी त्यांच्याकडे सारखी बघत होते, जणू कंडक्टरच्या मोजणीसाठी त्यांना मीच राखून ठेवलं होतं.

"येईल का गं?" यांनी जावेला विचारलं.

ती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. "थोड्याच वेळात," म्हणाली.

हे थांबले. वाट बघत राहिले. "दुसऱ्यांदा नाही म्हणालीस?"

"दिसू दे आधी," ती म्हणाली, आणि वळणावरून नजर काढली नाही.

मीही बघत होते. एक मिनीबस गेली. एक ट्रक गेला. मग धुळीत पुढच्या काचेवरची ओळखीची पाटी दिसली, आणि ती उठून उभी राहिली.

"थोड्याच वेळात," ती म्हणाली. "चला, चपला घाला."