मामांची मान

दुसऱ्यांच्या मानांची आमच्या मामांइतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात झाला नसेल, आणि स्वतःच्या मानेशी इतक्या निष्ठुरपणे वागणाराही. मुदखेडला त्यांचं शिवणकामाचं दुकान. चाळीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची मान अशी पुढं आली होती, की कुठंही आधी मान पोचायची, मागून मामा. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकली की लगेच निदान सुरू! ‘‘उशी लई उंच घेता तुम्ही. पातळ घ्या. अन् मोबाइल डोळ्यासमोर धरा, मांडीवर न्हाई.’’ एका नवरदेवाला कोटाचं माप राहू द्या म्हणत त्यांनी हनुवटी मागं घ्यायचा व्यायाम शिकवला, दहादा करून घेतला, आणि वऱ्हाडाची जीप बाहेर हॉर्न वाजवत राहिली.

स्वतः मात्र दर अर्ध्या तासानं उठणं सोडाच, चहासुद्धा मशीनवरच. मामी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायच्या; ती कापडाच्या ढिगाखाली गार होऊन जायची. फारच आखडलं की मामा शेजारच्या न्हाव्याकडून मान दोन्ही बाजूंनी कडकड मोडून घेत. ‘‘मोकळं झालं बघ भाच्या,’’ म्हणत डोळे पुसत. ते पाणी सुखाचं नव्हतं, हे मला उशिरा कळलं.

मागच्या वर्षी सुईत दोरा जाईना. मामांनी चष्मा बदलला, मग सुया बदलल्या. बोटं बधिर होत होती, चालताना पाय अडखळत होते, पण ते कुणाला बोलले नाहीत. एका सकाळी मी गेलो तर आरशासमोर उभे. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘‘एवढी वरची गुंडी लाव की रे.’’

त्याच दिवशी त्यांना नांदेडला नेलं. मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबला होता. न्हाव्याच्या झटक्यांचं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ‘‘हाताला मुंग्या आल्या तेव्हाच का नाही आलात?’’

‘‘लगीनसराई होती साहेब,’’ मामा म्हणाले. अपराध्यासारखे.

ऑपरेशन झालं. चाल सुधारली. बोटांचं मात्र डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आहे ते टिकेल, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. आलं नाही. मशीन मामींच्या भाचीनं नेली.

गेल्या महिन्यात मुदखेडला गेलो. मामा दारात खुर्चीवर ताठ बसले होते. मला बघून उभे राहिले, आणि ते माझ्याहून उंच आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. ‘‘मान कशी झकास सरळ झाली मामा,’’ मी म्हणालो.

‘‘हाव,’’ ते परत बसत म्हणाले. ‘‘पण सरळ बघून करू काय? माझं सगळं काम खालीच होतं.’’

मी त्यांच्या शेजारी बसलो, आणि आम्ही दोघं समोरचा रिकामा रस्ता बघत राहिलो.