आईनं खाली यायचं नसतं

सिंगापूरला येऊन अकरा वर्षं झाली, तोवर मी स्वतःला चिनी लोकांमधली जाणकार समजू लागले होते. पुण्याहून नोकरीसाठी कोणी नवीन आलं की मी त्यांना जेवायला बोलवायची आणि चार गोष्टी सांगायची. चिनी माणसाला घड्याळ भेट देऊ नका, भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नका, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्या. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी मँडरिनची चाळीसेक वाक्यंही शिकले होते. बँकेतले सहकारी माझ्या उच्चारांना हसायचे, पण कौतुकानं.

आंग मो किओ या उपनगरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक म्हातारी आणि तिचा मुलगा राहत. ती ऐंशीच्या पुढची. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही तिला आंटी म्हणायचो. मुलगा पन्नाशी ओलांडलेला, लग्न न केलेला, एसी दुरुस्तीच्या कामाला जाणारा. आंटीची भाषा होकियन, दक्षिण चीनकडची. मँडरिन तिला कामापुरतं यायचं, इंग्रजी अजिबात नाही. त्यामुळे आमचं जे काही बोलणं व्हायचं ते मुलामार्फत. कामावर जाण्याआधी तो खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातून, तिच्यासाठी प्लास्टिकच्या पिशवीत कॉफी आणायचा आणि घराच्या जाळीच्या दाराला अडकवून ठेवायचा. मायलेक एकमेकांशी बोलताना मात्र क्वचितच ऐकू यायचे. एकदा तो आमचा एसी दुरुस्त करत असताना मी त्याला तसं म्हटलं.

"जेवलीस का, एवढं रोज विचारतो," तो म्हणाला. "आमच्यात तेवढं पुरतं."

एका सोमवारी दुपारी तो एका ऑफिसच्या गच्चीवर काम करता करता कोसळला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीखाली मांडव पडला. इथल्या सरकारी इमारतींच्या तळमजल्यावर खांबांची मोकळी जागा असते. लग्नं तिथेच होतात, मयतंही तिथेच. शवपेटी, समोर त्याचा मोठा केलेला फोटो, उदबत्त्या, गोल टेबलं, टेबलांवर शेंगदाणे आणि थंड पेयं. तीन दिवस लोक येऊन बसणार होते. मी पांढरा कुडता घालून गेले. त्याची धाकटी बहीण मांडवाच्या तोंडाशी होती. तिची दोन मुलं मामाला परलोकात मिळाव्यात म्हणून कागदी नोटा जाळत होती. मी वाकून नमस्कार केला आणि मग इकडेतिकडे पाहिलं.

"आंटी कुठे आहेत?"

"वरती," बहीण म्हणाली. "ती नाही येणार."

मला वाटलं, थकली असेल. पण दुसऱ्या दिवशीही ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा ती जाळीआड खुर्चीवर बसलेली दिसली. मागे सुतकामुळे देव्हारा लाल कागदानं झाकलेला, टीव्ही चालू, आवाज बंद. अकरा मजले खाली तिचा मुलगा पेटीत होता आणि ही टीव्हीसमोर बसली होती. मला राग आला, खरं सांगते. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा माझी आई त्याचा हात सोडायला तयार नव्हती. चौघींनी तिला उठवलं होतं. आई म्हणजे अशी, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मी जाळीपाशी थांबले. माझ्या चाळीस वाक्यांतले शब्द जुळवून म्हणाले, "आंटी, चला. मी तुम्हाला नेते. मुलाला बघा."

तिनं नकारार्थी मान हलवली.

"उद्या तो नसेल," मी म्हणाले. "तुम्ही आई आहात. आईनं जायला हवं."

ती काहीतरी होकियनमध्ये बोलली. मला कळलं नाही. मी जाळीतून हात आत घातला आणि तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. फक्त तिच्या तोंडातून एक बारीक, सलग आवाज येऊ लागला, जनावराचा असतो तसा. माझी नऊ वर्षांची मुलगी शाळेची बॅग घेऊन मागे उभी होती. तिनं माझा कुडता ओढला.

"ममा, डोन्ट फोर्स हर लाह," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत, दबक्या आवाजात म्हणाली.

मी हात काढून घेतला. आंटीनं उठून लाकडी दार लावलं.

संध्याकाळी बहीण आमच्या दाराशी आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"तुम्ही आईला खाली यायला सांगितलंत?"

मी हो म्हटलं.

"ती सकाळपासून मला विचारतेय, मी वाईट आई आहे का. शेजारीण म्हणते, जायला हवं. आमच्यात पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना निरोप द्यायचा नसतो. आईच्या आधी गेला, हाच त्याचा अपराध झाला. तिनं खाली येऊन त्याच्यापुढे मान लववली, तर त्याचा भार आणखी वाढतो. ती त्याच्यासाठी वर बसलीय. तीन दिवस बसणं काय असतं, तुम्हाला कल्पना आहे?"

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं." ते खरं होतं. पण विचारायचं मला सुचलं नव्हतं, हेही खरं होतं. अकरा वर्षांत मी त्यांचे 'हे करू नका'चे सगळे नियम पाठ केले होते, आणि त्यांतला एकही कुणाला किती दुखतो हे पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा होती. मी रजा घेतली होती, पण खाली जायचा धीर झाला नाही. साडेदहाच्या सुमाराला खालून झांजांचा आवाज आला. मी व्हरांड्यात आले, तर आंटीचं दार उघडं. ती जाळीच्या आत उभी होती, व्हरांड्याच्या कठड्यापासून चार हात लांब. तिथून खालचं काही दिसत नव्हतं, आणि पुढे ती येत नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बोटानं खाली दाखवलं.

मला समजायला एक क्षण लागला. मग मी कठड्यापाशी जाऊन उभी राहिले आणि जे दिसेल ते सांगू लागले. माझ्याकडे शब्द किती थोडे होते. गाडी आली. खूप लोक. बहीण रडते. मुलं चालतात. फुलं आहेत, पांढरी. प्रत्येक वाक्यानंतर ती हुंकार द्यायची. पेटी गाडीत चढवली, त्यासाठी मला शब्दच येत नव्हता, म्हणून मी म्हटलं, "तो आत बसला."

गाडी हलली. माणसं तिच्यामागून थोडं अंतर चालत गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"गेला?" तिनं मँडरिनमध्ये विचारलं.

"गेला," मी म्हटलं.

त्यांच्या भाषेतही चालत जाणाऱ्याला आणि मरणाऱ्याला एकच क्रियापद वापरतात. तिनं कोणत्या अर्थानं विचारलं आणि मी कोणत्या अर्थानं सांगितलं, मला माहीत नाही. ती आत गेली. थोड्या वेळानं नळ वाहिल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

महिन्याभरात बहिणीनं तिला आपल्या घरी नेलं. मी दोनदा मेसेज करून भेटायला येऊ का, असं विचारलं. दोन्ही वेळा सभ्य उत्तर आलं: अजून नको, तुम्हाला पाहिलं की तिला तो दिवस आठवेल. इथल्या पावसाळी डिसेंबरात तिसरा मेसेज बहिणीकडूनच आला. आई झोपेत गेली, सगळं आटोपलंय, आपल्या शेजाराबद्दल आभार.

मला बोलावलं नव्हतं. मी पुष्कळ वेळ तो मेसेज पाहत बसले, आणि मग 'तुम्ही जेवलात का' एवढंच लिहून पाठवलं. त्यावर उत्तर आलं नाही.