जावेच्या नावावरचं बाळंतपण

"एक्लॅम्प्सिया," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गरोदरपणात ब्लड प्रेशर इतकं चढतं की बाईला झटके येतात, त्याला हे नाव. माझ्या भाचीला तोवर दोन झटके येऊन गेले होते. नाशिकच्या दवाखान्यात लेबर रूमच्या दाराशी आम्ही उभ्या होतो आणि बाई फाइल चाळत होत्या. "दुसरं बाळंतपण ना? पहिलं नॉर्मल?"

शेजारी उभ्या माझ्या बहिणीनं मान डोलावली. फाइल माझ्या भाचीची नव्हतीच.

कोमल माझ्या धाकट्या बहिणीची, मंगलची, मुलगी. राहायला पिंपळगाव बसवंतच्या पलीकडं. दहावीची परीक्षा दिली आणि तिचं लग्न ठरलं. मी पंचवटीत पोळी-भाजी केंद्र चालवते. तोंडाची फटकळ, गप्प बसणं मला जमत नाही. मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. गाडी आली, मांडव उतरला, अठरा होईपर्यंत लग्न करणार नाही असं मंगलकडून लिहून घेतलं, चहा पिऊन गाडी गेली. पुन्हा कोणी फिरकलं नाही. थोड्याच दिवसांत वणीजवळ एका नातलगाकडं साखरपुडा झाला. हल्ली साखरपुड्यातच हळद लावून अक्षता टाकायची सोय असते. मला बोलावणं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

कोमलला दिवस गेले आणि सासरच्यांनी अक्कल पाजळली. वय कळलं तर पोलीस येतील, म्हणून तिला तपासायला न्यायचं ते तिच्या जावेच्या, सविताच्या, आधार कार्डावर. सविता तेवीस वर्षांची, एका मुलाची आई. डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईचा फोटो कोण निरखून बघतो? कोमलचे पाय सुजले, डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तपासणीत कोणी विचारलंच तर सासू पुढं होऊन सांगायची, "पहिल्या टायमालाबी असंच व्हतं." पहिलं कोणाचं? सविताचं.

मंगलनं मला फोन केला तो नाइलाजानं. नाशकात तिचं दुसरं कोणी नाही. "ताई, पोरगी हातची जातीय, लवकर ये. अन् तिथं तिला सविता म्हणायचं, तेवढं ध्यानात ठेव."

मॅग्नेशियमच्या इंजेक्शनानं झटके थांबले. पण पोर डोळे उघडेना. सिस्टर गालावर चापट्या मारत होत्या. "सविता! ए सविता, डोळे उघड!" काही नाही. "प्रतिसाद नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूत रक्तस्राव झाला असेल. सीटी स्कॅनची तयारी करा." मंगलनं माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवला आणि आत घुसले.

"कोमे! ए कोमल, मावशी आलीय."

तिच्या पापण्या हलल्या. मग डोळे उघडले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं नाव सांगितलं की खरं वयही सांगावं लागतं. सांगितलं. बाईंनी फाइल मिटली. "पहिलटकरीण, त्यात एवढी लहान. हे ठाऊक असतं तर पाय सुजले तेव्हाच ॲडमिट केली असती." त्या रागावल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं.

सिझर झालं. मुलगा होता. रडलाच नाही. कोमल वाचली ती केवळ त्या बाईंमुळं, त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मग एमएलसी झाली. मेडिको-लीगल केस, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायचंच असतं. वरातीमागून घोडं! जावयाला धरून नेलं, दोन्हीकडच्या आईबापांवर गुन्हा दाखल झाला. पोलीसबाई जबाब घ्यायला आल्या तेव्हा कोमलला पान्हा फुटलेला, आणि ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. माझ्याशी ती बोलतच नव्हती.

पुढं मंगलही दवाखान्यात दिसेना. मला वाटलं, केसच्या धावपळीत असेल. डिस्चार्जच्या दिवशी कोमलला बालगृहात न्यायला गाडी आली. मी तिची पिशवी भरत होते, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"मावशी, शेजारच्या खाटेवरच्या काकूच्या मोबाइलवर आईचा फोन आला व्हता. दिपूचं उरकलं परवा. आई म्हणली, आता केस झाली, मागून तिला कोण करून घेणार?"

दिपाली कोमलची धाकटी बहीण. आठवीत आहे.

तुमच्या घरी असं पेशंट असेल तर दवाखान्यात खरं नाव सांगा, खरं वय सांगा. जीव वाचतो, एवढं मी शपथेवर सांगते. त्यापुढचं काही सांगायची माझ्यात उमेद राहिलेली नाही.

कोमलची गाडी गेल्यावर मी हेल्पलाइनला पुन्हा फोन लावला. पलीकडची मुलगी फार चांगली होती, तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, मुलीला दिलंय कुठल्या गावी?"

मला ते कोणीच सांगितलेलं नव्हतं.