तशीच उठणारी बाई

माझी धाकटी बहीण सुमन खुर्चीतून उठताना आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रोवत सरळ होते. कितीतरी वर्षं लोक तिला आळशी म्हणत. शेवटी संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी दुर्मिळ स्नायुरोगाचं निदान केलं. औषध अजून नाही. अधूनमधून तपासणीला जायचं.

परवा सुमनची तपासणी झाली आणि दवाखान्यात बाहेरच्या बाकावरची एक अनोळखी बाई, नाव पुकारल्यावर, अगदी तशीच उठली. सुमन बघतच राहिली.

"तुम्हालाही?"

"बारा वर्षं झाली गं," बाई हसून आत गेल्या.

निदानाच्या दिवशी न रडलेली सुमन आता रडली. दुखणं वाटून घेता येत नाही. पण ते आणखी कुणाला आतून ठाऊक आहे, एवढ्यानंही माणूस हलकं होतं.

"निघायचं?" मी विचारलं.

"त्यांना बाहेर येऊ दे, ताई."