मामांच्या झटक्यांची वही

"गुरुजी, काय करपतंय का?" असं मामांनी विचारलं, की मी हातातला खडू टाकून धावायचो. करपत काहीच नसायचं. तो वास फक्त मामांना यायचा, आणि त्याच्यामागून झटका.

मामा म्हणजे आमच्या भरे गावातल्या शाळेचे शिपाई. साठ सालच्या आसपासची गोष्ट. तुम्ही त्यांना झटक्यात पाहिलं असतं, तर घाबरण्याऐवजी गोंधळला असता. ते पडत नसत, तोंडाला फेस येत नसे. नजर हरवायची, पान चघळल्यासारखं तोंड चालायचं, एक हात सदऱ्याची बटणं चाचपायचा आणि दुसरा ताठ व्हायचा. मी मागून काखेत हात घालून त्यांना खाली बसवायचो. तेवढ्यात कुणीतरी कांदा फोडून नाकाला लावायचं. शुद्धीवर आले की मामा विचारायचे, "कांदा कुनी फोडला? कालवणाला ठिवला व्हता त्यो."

पुण्याच्या गोळ्या सात वर्षं खाऊन गुण आला नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतला बिघडलेला भाग कापून काढता येईल, पण तो कोणत्या बाजूला आहे हे आधी पक्कं व्हायला हवं. मामांना स्वतःचा झटका आठवत नसे. तेव्हा रोज जवळ असणाऱ्याने प्रत्येक झटका लिहून ठेवायचा: मान कुठे वळते, कोणता हात ताठ होतो. हे काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं, आणि मला त्याची घमेंडही होती. समास आखून मी चार महिने नोंदी केल्या.

मुंबईत मामांच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला. आलेख एक बाजू दाखवत होता आणि माझी वही दुसरी. हे जुळत नाही तोवर कवटी उघडणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. मामा त्यांना म्हणाले, "गुरुजींची वही चुकायची न्हाई. तुमचं मशीनच बघा येकदा."

परतल्यावर आठवड्याभरात मैदानावर झटका आला. मी नेहमीसारखं मागून धरलं. ओसरल्यावर वहीत 'उजवा हात ताठ' असं लिहिलं, आणि माझ्याच मनगटावर लक्ष गेलं. मामांच्या ताठ हाताखाली दाबून घड्याळाचा वळ उठला होता. घड्याळ मी डाव्या हातात बांधतो.

कवायत शिकवणाऱ्याला एक खोड लागते. मुलांकडे तोंड करून 'उजवा हात वर' म्हणायचं आणि आपला डावा उचलायचा, म्हणजे त्यांना बघून करता येतं. मामांना मी मागून धरत होतो, तिथे डावा तो डावाच. पण हात सवयीचा गुलाम, डावा दिसला की 'उजवा' लिहून मोकळा. सगळ्या नोंदी उलट्या झाल्या होत्या.

डॉक्टरांना चार ओळींचं कार्ड टाकलं असतं तरी भागलं असतं. मी टाकलं नाही. मास्तराला डावं-उजवं कळत नाही म्हणून गाव हसेल, ही धास्ती. आज टाकू, उद्या टाकू करत श्रावण गेला, दिवाळीही गेली. मग एका सकाळी मुलांसाठी भुकटीचं दूध उकळताना मामांना झटका आला आणि डावा हात चुलीत गेला. तीन बोटं कायमची चिकटली. त्या दुपारी मी पत्र लिहिलं.

डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि ऑपरेशन झालं. झटके थांबले. कधीतरी नुसता वास यायचा, आणि ओळखीचे चेहरे ओळखायला मामांना थोडा वेळ लागायचा, एवढंच. चावडीवर ते सांगत, "गुरुजींनी लिवलं म्हून मी बरा झालो." मी मान खाली घालून ऐकायचो. इतका भेकड माणूस मुलांना सत्याचे धडे देत होता.

काही वर्षांनी मामा गेले. दहाव्याला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मामींना एकदाचं म्हणालो, "मामी, मामांचा हात माझ्यामुळे गेला."

मामी म्हणाल्या, "मला ठावं हाय. तुमची चिठ्ठी डागदरानं त्यास्नी वाचून दावली व्हती. मला म्हनले, कुटं बोलू नगंस, गुरुजींना शाळंत तोंड दावायचं असतंय."

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर जाऊन सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही.